राजर्षी शाहू महाराज : स्नेहातून समतेकडे

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव दत्तकविधानाने कोल्हापूरच्या गादीवर आले व शाहू छत्रपती झाले. वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपतींनाही शूद्र लेखले गेले. जातीचा दंश त्यांनी स्वतः सोसला. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. परंतु हुकूम काढणे निराळे आणि माणसाजवळ जाऊन बसणे निराळे. महाराजांनी दोन्ही केले.

गंगाराम कांबळे हे त्यांच्या पदरचे सेवक. पाण्याच्या हौदास स्पर्श केला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले व गंगारामांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले. सवर्ण गिऱ्हाईक तेथे फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी दाराशी थांबवून स्वतः चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत.

तरीही राजा आणि सेवक यांच्या स्नेहात उपकाराची छटा राहतेच. राजाची मर्जी फिरली तर सेवकाने जावे कोठे? म्हणूनच महाराजांनी महार वतन रद्द केले, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविले. मर्जीचे रूपांतर त्यांनी हक्कात केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी जडलेला स्नेह याहून वेगळा होता. महाराज मुंबईत परळच्या चाळीत त्यांना भेटावयास गेले, ‘मूकनायक’ पत्रास त्यांनी अर्थसाहाय्य केले. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत, अस्पृश्यांना त्यांच्यातूनच पुढारी लाभला आहे, असे महाराजांनी जाहीर केले. त्याच वर्षी मेअखेरीस आपल्या विदर्भात, नागपूरच्या बहिष्कृत परिषदेत, दोघे एका व्यासपीठावर आले. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा मोह आवरून त्याच्या नेतृत्वास वाट करून देणे, ही आम्हांस मैत्रीची खरी कसोटी वाटते.

६ मे १९२२ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले.

यवतमाळ जिल्ह्याच्या गावागावांतून आलेली आमची मुले एका पंगतीत जेवतात. सुट्टीत गावी गेल्यावर तोच मित्र आपल्या घरच्या पंगतीस बसेल काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. महाराजांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.