सावर्डे नेमकं कुठलं? हा घोळ सहा आकड्यांत मिटवणारे श्रीराम वेलणकर

चिपळूण तालुक्यात मुंबई-गोवा हायवेवर सावर्डे आहे. गोव्यात कुडचड्याला लागून आणखी एक सावर्डे आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शोधलं तर तिथेही सावर्डे सापडतं.

आता १९७० सालची मुंबई डोळ्यांसमोर आणा. गिरणीत कामाला असलेला एक चाकरमानी गावी मनीऑर्डर पाठवतोय. त्या काळी कोकणातल्या कितीतरी घरांची चूल या मनीऑर्डरवर पेटायची. पत्त्यात गावाचं नाव ठळक, पण तालुका-जिल्हा पुसट. मग ही मनीऑर्डर कुठल्या सावर्ड्याला जाणार?

हे ठरवायचा तो टपालाचं वर्गीकरण करणारा माणूस. रेल्वेच्या टपाल डब्यात रात्रभर उभं राहून हे लोक पत्रं कप्प्यांत टाकायचे. कुठलं गाव कुठल्या लाईनवर, हे त्यांना पाठ असायचं. पण देशभरात एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते डझनभर भाषांत आणि अक्षर कसं, ते विचारूच नका. चुकीच्या कप्प्यात पडलेलं पत्र फिरून यायला किती दिवस लागतील याचा नेम नसायचा.

हा गुंता सोडवणारा माणूस म्हणजे श्रीराम भिकाजी वेलणकर. जन्म २२ जून १९१५ चा, कोकणातला. शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात. पुढे सरकारी नोकरीत चढत चढत ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि टपाल व तार मंडळाचे वरिष्ठ सदस्य झाले. पण गंमत अशी, की या टपाल अधिकाऱ्याची दुसरी ओळख संस्कृत कवी आणि नाटककार अशी होती. शब्दांवर जीव असलेल्या या माणसाने पत्त्याला उपाय शोधला तो मात्र शब्दांना बाजूला ठेवून. भाषा कुठलीही असो, आकडा सगळ्यांना वाचता येतो.

अमेरिकेत १९६३ मध्येच पाच आकडी झिप कोड आला होता. भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, सहा आकडी पिन कोड सुरू झाला.

तो वाचायचा कसा? चिपळूणजवळच्या सावर्ड्याचा पिन घ्या, ४१५६०६. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. असे आठ विभाग आहेत आणि ९ हा आकडा लष्करी टपालासाठी राखलेला आहे. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो. इथेच गोव्याचं सावर्डे वेगळं पडतं, कारण गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात. कोल्हापूरचे ४१६ ने. शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. ६०५ चिपळूण, ६०६ सावर्डे.

बारकाईने बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. सातारा शहराचा पिन ४१५००१, कराडचा ४१५११०. म्हणजे घाटावरचं सातारा आणि घाटाखालचं चिपळूण एकाच ४१५ मध्ये. तिकडे सावंतवाडी कोल्हापूरच्या ४१६ मध्ये. महसुली जिल्हा आणि टपालाचा जिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता थोडं आजच्या ऑफिसात येऊ, कारण तिथे हाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा असतो. समजा एका संस्थेची शाळा आहे, कॉलेज आहे, दवाखाना आहे. तिघांची डोमेन वेगळी, पण मेल सर्व्हर एकच. आधी प्रत्येक डोमेनच्या डीएनएसमध्ये एमएक्स नोंद करावी लागते. या नावाची डाक अमुक सर्व्हरवर टाका, एवढंच ती जगाला सांगते. मग सर्व्हरलाही सांगावं लागतं, की ही तिन्ही डोमेन तुझीच. यादीत डोमेन राहून गेलं तर सर्व्हर मेल नाकारतो. उलट वाटेल त्याची डाक पुढे पाठवायला मोकळीक दिली, तर स्पॅमवाले तोच सर्व्हर वापरायला लागतात.

खरा घोळ पुढे आहे. शाळेचा पत्ता 'इन्फो' आणि दवाखान्याचाही 'इन्फो'. सर्व्हरने फक्त ॲटच्या आधीचं नाव बघितलं, तर पेशंटचा रिपोर्ट मुख्याध्यापकांच्या इनबॉक्समध्ये. म्हणून पेटी ठरवताना डोमेनसकट अख्खा पत्ता जुळवावा लागतो.

पिनचंही तसंच आहे. ४१५६०६ हा पिन एकट्या सावर्ड्याचा नाही, शिवसृष्टीसाठी ओळखलं जाणारं डेरवणही त्यातच येतं. सहा आकडे पत्राला बरोबर पोस्ट ऑफिसपर्यंत आणतात. तिथून पुढे गावाचं नाव, वाडी, घर बघावं लागतंच. म्हणून तर पोस्टमन लागतो.

पिन कोड आल्यावर दीडेक वर्षातच वेलणकर निवृत्त झाले, ३१ डिसेंबर १९७३ ला. त्याच वर्षी दिल्लीत भरलेल्या 'इंडिपेक्स' या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. निवृत्तीनंतर संस्कृत होतंच. मुंबईत त्यांनी 'देववाणी मंदिरम्' ही संस्था उभी केली. कालिदासापासून शिवाजी महाराजांपर्यंत अनेकांवर त्यांनी संस्कृत नाटकं लिहिली. त्यांच्या रचनांची संख्या शंभरावर जाते.

त्यातली किती नावं आज लोकांना माहीत आहेत? फारशी नाहीत. पिन कोड मात्र ऑनलाइन ऑर्डर करताना रोज टाईप होतो, तो टाकल्याशिवाय ॲप पुढेच जाऊ देत नाही. तिथे वेलणकरांचं नाव कुठेच दिसत नाही.

१९९६ मध्ये त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तो संस्कृतसाठी. तीन वर्षांनी, १९९९ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.