केडगावच्या शेतातील झोपड्या

१८९६ साली झाशीकडील बुंदेलखंडात दुष्काळ सुरू झाला आणि पुढे मध्यप्रांतही होरपळला. ज्यांचे आईवडील व बहीण पूर्वी अशाच दुष्काळात अन्नावाचून गेले, त्या पंडिता रमाबाईंना पुण्यास स्वस्थ बसवेना. त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या व सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्यास सरकारी मनाई झाली; तेव्हा केडगावच्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या.

माझ्या मते बाईंचे मोठेपण येथून पुढेच दिसते. पोटाला अन्न मिळाले म्हणजे गरज संपली, असे त्यांनी मानले नाही. जी अंध होती तिला ब्रेल लिपी व टोपल्या विणणे शिकविले. हे काम त्यांची कन्या मनोरमाबाई पाही. जी धडधाकट होती तिला माग, तेलाचा घाणा, शेती, छापखाना. जिला लोकांनी पतित म्हणून टाकले, तिच्यासाठी कृपासदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तर मुक्तिसदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूच्या विसाव्यात गेल्या. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून निघाले. त्याचे खिळे मुक्तीतील स्त्रियांनीच जुळविले होते.