किपलिंग यांना न मिळालेली कबर

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मलेले रुडयार्ड किपलिंग आपल्याला ठाऊक असतात ते मोगलीचे जनक म्हणून, नाहीतर साम्राज्याचे कट्टर भाट म्हणून. १९०७ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या या लेखकाने उत्तरायुष्यात मृत सैनिकांच्या स्मृतिशिळांवर काय कोरावे याचा वर्षानुवर्षे विचार केला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनची बाजू न्यायाची आहे, याविषयी किपलिंग यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तरुणांनी सैन्यात दाखल व्हावे म्हणून त्यांनी भाषणे केली, लेख लिहिले. घरचाच तरुण मागे राहणे त्यांना कसे रुचावे? एकुलता मुलगा जॉन याची दृष्टी फार अधू, त्यामुळे वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला. किपलिंग यांनी स्नेही फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि जॉनला आयरिश गार्ड्स पलटणीत अधिकारीपद मिळाले. मुलाला रणांगणापासून दूर ठेवण्यासाठी वशिला लावणारे बाप पुष्कळ असतात, येथे उलटे घडले. अर्थात, सारा दोष पित्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. जॉनलाही जायचेच होते. ऑगस्ट १९१५ मध्ये तो फ्रान्सला गेला, त्याच महिन्यात त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली. २७ सप्टेंबर रोजी लूसच्या लढाईत तो बेपत्ता झाला.

किपलिंग दांपत्याने इस्पितळे पालथी घातली, पलटणीतील जखमी जवानांना गाठून विचारपूस केली. देह सापडला नाही. पुढे किपलिंग यांनी त्याच पलटणीचा दोन खंडांचा इतिहास लिहिला. तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जॉनचा उल्लेख जेमतेम आहे.

१९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचे ते सदस्य झाले. मोठ्या दफनभूमींतील स्मृतिशिळेसाठी बायबल परंपरेतील वचन त्यांनीच निवडले. ओळख न पटलेल्या सैनिकाला ईश्वर ओळखतो, या अर्थाचा कबरीवरील मजकूरही त्यांचाच. आयोगाचा नियम कडक होता. मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत; सेनापती असो वा शिपाई, शिळा सारख्याच आकाराची. अनेक कुटुंबे संतापली. १९२० मध्ये ब्रिटिश संसदेत यावर वादळी चर्चा झाली, तेव्हा किपलिंग यांचे पत्र वाचून दाखवण्यात आले. ज्यांना निदान एक कबर तरी आहे ते भाग्यवान, आपल्याला तीही लाभणार नाही, असा त्याचा आशय होता. नियम टिकला.

समानतेचे हे तत्त्व सर्वत्र पाळले गेले नाही, हे येथे नोंदवायलाच हवे. फ्रान्समधील नव शापेल येथे सुमारे ४,७०० भारतीय सैनिकांचे स्मारक १९२७ मध्ये उभे राहिले. त्याच्या अनावरणाला किपलिंग उपस्थित होते. परंतु युरोपबाहेर चित्र वेगळे होते. आयोगाच्याच २०२१ च्या अहवालानुसार प्रामुख्याने आशियाई व आफ्रिकी अशा किमान ४५ हजार मृतांची नोंद असमान पद्धतीने झाली, तर १ लाख १६ हजारांहून अधिक जणांची नावे कोठेही कोरली गेली नसावीत. ब्रिटिश सरकारने त्याबद्दल संसदेत माफी मागितली.

मुलाच्या मृत्यूने किपलिंग यांची युद्धावरील श्रद्धा ढळली, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे घडले नाही. त्यांचा राग होता तो देशाला वेळीच सज्ज न करणाऱ्या राज्यकर्त्यांवर. लढण्याचे कारण चुकीचे होते, असे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही.

१८ जानेवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना जागा मिळाली. लूसजवळील एका दफनभूमीत आयरिश गार्ड्सच्या एका अनामिक लेफ्टनंटची कबर होती. १९९२ मध्ये आयोगाने तिच्या शिळेवर जॉनचे नाव कोरले. ती कबर खरोखर त्याचीच का, यावर अभ्यासकांनी पुढे बरीच वर्षे वाद घातला.