आडोशाचं पाणी, उघडं पाणी

कोकणातल्या एका खाडीकाठच्या शाखेत मी तीन वर्षं होतो. मच्छीमारांच्या होड्यांना कर्ज द्यायचं काम. एकदा तारण असलेली होडी बघायला गेलो असताना एका म्हाताऱ्या तांडेलाला मी सहज विचारलं, की वादळ आलं तर तुम्ही किनारा जवळ करत असाल ना. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं शांतपणे समजावलं, की होडी पाण्यानं फुटत नाही, खडकानं फुटते, आणि खडक असतात किनाऱ्याला. खाडीच्या तोंडात वेळेवर शिरता आलं तर ठीक, नाहीतर बाहेर खोल पाण्यात राहावं.

निवृत्तीनंतर कप्तान जोशुआ स्लोकमबद्दल वाचताना हा तांडेल मला पानोपानी आठवत राहिला. शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा जगातला पहिला माणूस. त्याला पोहता येत नव्हतं, असं सांगतात.

स्लोकम जन्मला २० फेब्रुवारी १८४४ रोजी, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात. वडील आधी शेतकरी, मग बूट शिवणारे. पोरानं लपूनछपून कोरलेलं छोटं जहाज त्यांनी आपटून फोडलं. चौदाव्या वर्षी पोरगं घरातून पळालं आणि एका मच्छीमार गलबतावर स्वयंपाकी झालं. आई गेल्यावर त्यानं घर कायमचंच सोडलं. पुढे तो अमेरिकन नागरिक झाला, मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. १८७१ साली सिडनीत त्यानं व्हर्जिनियाशी लग्न केलं आणि तिचा संसार जहाजावरच मांडला. सात मुलं झाली, चार जगली. १८८४ साली ब्युनोस आयर्सच्या बंदरात, जहाजावरच व्हर्जिनिया गेली. या घावातून तो पुरता कधी सावरला नाही, असं मला वाटतं.

दोन वर्षांनी त्यानं हेटीशी दुसरं लग्न केलं. १८८७च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याला त्याचं जहाज वाळूत रुतून फुटलं. भर समुद्रात नव्हे, हे लक्षात घ्या. उरल्यासुरल्या सामानातून त्यानं पस्तीस फुटांची होडी बांधली, हेटीनं तिची शिडं शिवली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली त्याच दिवशी, १३ मे १८८८ला, ती पाण्यात उतरली, म्हणून नाव ठेवलं ‘लिबेरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य. बायको आणि दोन मुलांना घेऊन त्यानं साडेपाच हजार मैल कापले आणि वर्षाअखेरीस वॉशिंग्टन गाठलं. शेवटचा टप्पा त्यानं किनाऱ्यामागच्या खाड्यांमधून, आतल्या पाण्यानं काढला. हिवाळा होता आणि होडीत कुटुंब होतं. हेटी मात्र त्यानंतर दूरच्या समुद्रसफरीवर कधी गेली नाही. तिला कोण दोष देईल?

वाफेच्या जहाजांनी शिडाच्या कप्तानांची नोकरीच काढून घेतली होती. अशा बेकारीत १८९२च्या हिवाळ्यात एका स्नेह्यानं त्याला एक जहाज देऊ केलं. जाऊन पाहतो तर मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनच्या एका माळावर कापडाखाली झाकलेला जुना सांगाडा! स्लोकमनं एकेक फळी बदलून तो नवा केला. तेरा महिने खपला. सामानाचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. हे बासष्ट सेंट त्यानं लिहून ठेवले, याचं माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला भारी कौतुक वाटतं. ‘स्प्रे’ ही होडी जेमतेम सदतीस फुटांची. २४ एप्रिल १८९५ला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यानं बॉस्टन सोडलं. वाटेत एक पत्र्याचं घड्याळ घेतलं. किंमत दीड डॉलर, पण काच फुटकी म्हणून एका डॉलरला मिळालं.

बेत होता पूर्वेकडे जायचा. भूमध्य समुद्र, सुएझ कालवा, तांबडा समुद्र, म्हणजे दोन्ही बाजूंना जमीन असलेला आतला रस्ता. जिब्राल्टरला ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांनी त्याला सावध केलं, की त्या दोन्ही किनाऱ्यांवर चाचे आहेत. त्यानं होडी फिरवली, ज्या अटलांटिकमधून आला त्याच अटलांटिकमध्ये पुन्हा शिरला आणि पश्चिमेची वाट धरली. तरी मोरोक्कोजवळ एक चाच्यांची होडी मागे लागलीच.

आता दक्षिण अमेरिकेला वळसा. पनामा कालवा तेव्हा नव्हता, तो १९१४ सालचा. एक तर केप हॉर्नच्या बाहेरून जायचं, नाहीतर मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून. स्लोकमनं सामुद्रधुनी निवडली. नकाशावर ती आडोशाची वाटते. प्रत्यक्षात डोंगरांवरून वारा असा अचानक कोसळतो की शिडाशिवायही होडी आडवी व्हावी. पात्र अरुंद, प्रवाह उलटसुलट, नांगर धरेल अशी जागा थोडी. १८९६च्या मार्चमध्ये तो एकदाचा पॅसिफिकमध्ये बाहेर पडला आणि वादळानं त्याला थेट केप हॉर्नच्या दिशेनं हाकललं. उघड्या समुद्रात त्या लाटांवर ‘स्प्रे’ टिकली. खरा काळ आला तो रात्री, जमिनीजवळ. अंधारात चहूकडे पांढरा फेस आणि फेसाखाली खडक. उजाडेपर्यंत तो त्यातून वाट शोधत राहिला. पूर्वी डार्विननं ‘बीगल’वरून हीच जागा पाहिली होती आणि तिचं भयाण रूप लिहून ठेवलं होतं.

तिथून फिरून तो पुन्हा त्याच सामुद्रधुनीत! वाटेत एका रात्री डेकवर चुका पसरून तो झोपला. त्या एका कप्तानानं पुंता अरेनासला दिल्या होत्या. मध्यरात्री तिथले स्थानिक लोक अनवाणी चढले आणि किंचाळत पाण्यात पळाले. स्लोकम हे मजेत सांगतो. मला मात्र जाणवत राहतं, की ती भूमी त्यांची होती आणि गोरे वसाहतवाले ती बळकावत होते. अखेर १३ एप्रिलला तो सुटला. दोन महिने गेले होते.

याच्या उलट हिंदी महासागरातला टप्पा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापासून कीलिंग बेटांपर्यंत २७०० मैल, २३ दिवस. इतक्या दिवसांत सुकाणूवर तो सारे मिळून तीनेक तास होता. सुकाणू बांधलेलं, होडी आपोआप चाललेली आणि हा पुस्तक वाचत बसलेला. म्हणून तो बाहेरच्याच रस्त्याचा भक्त होता असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडून जायचा बेत त्यानं हवामान बघून सोडला, एक मोसम थांबला आणि प्रवाळभिंतीच्या आतल्या शांत पाण्यानं उत्तरेला गेला. मोसम आणि वारा पाहून रस्ता ठरवायचा, ही त्याची रीत.

२७ जून १८९८ला तो न्यूपोर्टला परतला. ४६ हजार मैल झाले होते. १९०० साली त्याचं पुस्तक निघालं, नाव झालं. १९०१ साली तीच ‘स्प्रे’ हडसन नदी आणि ईरी कालव्यातून बफेलोच्या प्रदर्शनात नेऊन त्यानं लोकांना दाखवली. पुढे शेतही घेतलं, पण त्यात तो रमला नाही.

आपल्याकडच्या कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्यानं प्रदक्षिणा केली, अशी करणारे ते पहिले भारतीय. ते केप हॉर्नच्या बाहेरून गेले.

ते मुंबईहून निघाले त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १९०९ साली, पासष्ट वर्षांचा स्लोकम शेवटचा निघाला. या वेळी बेत नद्यांचा होता. ओरिनोको नदीतून आत शिरायचं आणि आतल्या आत ॲमेझॉनपर्यंत जायचं. त्या नदीपर्यंत पोचायला मधे समुद्र होता. होडीही नाही, माणूसही नाही, एक फळीसुद्धा कुणाला मिळाली नाही.

बेपत्ता खातेदारांच्या फायली मी हाताळल्या आहेत. आपल्याकडे सात वर्षांनी माणूस मृत धरता येतो. स्लोकमच्या बाबतीत कायद्यानं ती नोंद केली १९२४ साली. तोवर पंधरा वर्षं हेटी कागदोपत्री सधवाच होती.