विजय हजारे

नाव विजय, परंतु या थोर फलंदाजाचे दोन अविस्मरणीय पराक्रम पराभवाच्या छायेत घडले, हा दैवाचा विचित्र खेळच म्हणावयाचा!

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. पुढे बडोदे ही त्यांची कर्मभूमी ठरली. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू संघाने ५८१ धावांचा डोंगर रचला. उत्तरादाखल शेष संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! बंधू विवेक दुसऱ्या टोकास चिवटपणे उभे राहिले; उभयतांच्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा होता. तथापि सामना गेलाच.

१९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात, येथे बडोद्यातच, हजारे यांनी २८८ धावा काढून गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची भागीदारी केली. त्या वेळी मात्र विजयश्रीने बडोद्यालाच माळ घातली.

जानेवारी १९४८. अॅडलेड. ब्रॅडमन यांच्या बलाढ्य संघापुढे हजारे यांनी पहिल्या डावात ११६ व दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकावणारे ते पहिले भारतीय होत. त्या दुसऱ्या डावात आपले सहा फलंदाज शून्यावर परतले होते! भारत एक डाव व १६ धावांनी हरला.

अखेर फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रास येथे, इंग्लंडविरुद्ध भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या संघाचे कर्णधार हजारेच होते. १८ डिसेंबर २००४ रोजी त्यांनी बडोद्यातच देह ठेवला.