नेमाआधी माप

हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट मागताना जुना कारागीर आजही ‘व्हिटवर्थ आट्यांचा’ असे सांगतो. मेट्रिक मापे येऊन अनेक दशके लोटली, तरी जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत हे नाव टिकून आहे. मात्र ज्या माणसाचे हे नाव, त्याने आट्यांइतकाच जीव आणखी एका वस्तूत ओतला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती वस्तू म्हणजे ठासणीची रायफल. तोंडाकडून दारू आणि गोळी भरून गजाने ठासायची ही बंदूक एके काळी जगातील सर्वांत अचूक मानली गेली आणि तिच्यावर दुर्बीणही बसवली गेली.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटवला. अमेरिकेत मात्र अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा वेगळा हंगाम असतो. अशा बंदुकीवर किती पटीची दुर्बीण लावावी, हा तेथील शिकाऱ्यांच्या वादाचा विषय असतो. कोणी चारपट म्हणतो, कोणी नऊपट, कोणी बारापट. या वादाचे उत्तर शोधायचे तर जोसेफ व्हिटवर्थ यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शिक्षक होते. आईचे छत्र लहानपणीच हरपले. चौदाव्या वर्षी त्यांना कापूस गिरणीचा धंदा असलेल्या काकांकडे उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. पुढेमागे गिरणीत भागीदारी मिळण्याची शक्यता होती, पण मुलाचे मन धंद्यात नव्हते, यंत्रांत होते. चारएक वर्षांत त्यांनी गिरणी सोडली आणि मँचेस्टरमध्ये साधा मेकॅनिक म्हणून काम धरले.

१८२५ मध्ये विवाह करून ते लंडनला गेले. तेथे हेन्री मॉड्स्ले यांच्या कारखान्यात त्यांची खरी शाळा झाली. नंतर ते जोसेफ क्लेमंट यांच्याकडे होते. आजच्या संगणकाचा पूर्वज मानले जाणारे चार्ल्स बॅबेज यांचे गणनयंत्र त्या वेळी तेथेच घडत होते. अचूक भाग मिळाले नाहीत, तर उत्तम कल्पनाही कागदावरच राहते, हा धडा त्याहून चांगल्या ठिकाणी मिळाला नसता.

संपूर्ण सपाट पृष्ठभाग कसा तयार करायचा, हा त्या काळचा मूलभूत प्रश्न होता. दोन पत्रे एकमेकांवर घासले, तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट राहूनही ते नेमके जुळू शकतात. तीन पत्रे घेऊन प्रत्येक जोडी आळीपाळीने तपासली, तर तिन्ही सपाट असल्याशिवाय ती जुळूच शकत नाहीत. व्हिटवर्थ यांनी उंचवटे पोलादी हत्याराने खरवडून काढण्याची पद्धत रुजवली. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. १८४१ मध्ये त्यांनी आट्यांसाठी ५५ अंशांचा समान कोन सुचवला. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत, एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नसे. १८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्यांनी इंचाच्या दशलक्षांश भागाइतका फरक ओळखणारे यंत्र मांडले.

अशा माणसाकडे ब्रिटिश सरकार १८५४ मध्ये बंदुकांचे काम घेऊन आले. क्रिमियाचे युद्ध पेटले होते. एनफिल्ड रायफली झपाट्याने तयार करणारी यंत्रे त्यांनी बनवावीत, अशी सरकारची अपेक्षा होती. व्हिटवर्थ यांनी अडवून धरले. रायफलची नळी नेमकी कशी असली की गोळी सरळ जाते, हे कोणी शास्त्रशुद्धपणे तपासलेच नसेल, तर यंत्रे कशाची बनवायची, असा त्यांचा सवाल होता. अखेर सरकारी खर्चाने मँचेस्टरजवळ फॅलोफिल्ड येथे, त्यांच्या घराच्या आवारात, ५०० यार्ड लांबीचे छत असलेले गोळीबाराचे दालन उभे राहिले. एकदा वादळाने ते जमीनदोस्त केले, तेव्हा ते पुन्हा बांधण्यात आले. वाऱ्याचा झोत टाळून, एका वेळी एकच गोष्ट बदलून त्यांनी शेकडो बार काढले.

या प्रयोगांतून जी रायफल निघाली, तिच्या नळीचे छिद्र गोल नव्हते, षट्‌कोनी होते. गोळीही त्याच आकाराची, लांबट. एनफिल्डचे छिद्र ०.५७७ इंचाचे, तर हिचे ०.४५१ इंचाचे. एनफिल्डच्या नळीतील पेच ७८ इंचांत एक फेरा घेत असे, हिचा पेच २० इंचांतच फेरा पूर्ण करी. त्यामुळे लांब गोळी भोवऱ्यासारखी जोरात फिरत आणि तोल न सोडता जाई. १८५७ मध्ये हाइद येथे दोन्ही रायफलींची सरकारी चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डची सरासरी चूक सुमारे २७ इंच भरली, तर व्हिटवर्थची साडेचार इंचांच्या आत राहिली. १४०० यार्डांवर एनफिल्डची एकही गोळी लक्ष्याला लागली नाही, व्हिटवर्थच्या लागत राहिल्या.

२ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या स्पर्धेचे उद्‌घाटन राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते झाले. ४०० यार्डांवरील लक्ष्यावर रोखून एक व्हिटवर्थ रायफल लोखंडी बैठकीत घट्ट बसवली होती. राणीने चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली आणि गोळी मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आत जाऊन बसली. राणीने नेम धरलाच नव्हता. आधी घेतलेल्या मापांनी ते काम केले होते.

दुर्बिणीचा प्रश्न येथेच सुरू होतो. एनफिल्डवर कितीही शक्तिमान दुर्बीण चढवली असती, तरी ५०० यार्डांवरील तिची २७ इंचांची चूक तसूभरही कमी झाली नसती. भिंग लक्ष्य मोठे करते, नळीचा दोष झाकत नाही. व्हिटवर्थच्या नळीने मात्र डोळ्याच्या मर्यादेपलीकडचे अंतर गाठले होते. नळीवरची माशी दूरवरचे लक्ष्य पूर्ण झाकून टाकी. तेव्हा कुठे दुर्बिणीला अर्थ आला.

ही दुर्बीण होती मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांची. बंदुकीवर दुर्बीण बसवण्याचे प्रयोग त्यांनी हिंदुस्थानातील नोकरीच्या काळातच आरंभले होते. त्यांची सुमारे साडेचौदा इंचांची नळी व्हिटवर्थ रायफलच्या डाव्या बाजूला बसे. तिची शक्ती साधारण चौपट, म्हणजे ४०० यार्डांवरचे लक्ष्य १०० यार्डांवर असल्यासारखे दिसे. जगातील सर्वांत अचूक ठासणीच्या रायफलीला एवढी शक्ती पुरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यामागचे गणित साधे आहे. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ३२ मिलिमीटरचे भिंग चौपटीला ८ मिलिमीटरचा झोत देते, बारापटीला जेमतेम पावणेतीनचा. संधिप्रकाशात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि हरीण बाहेर पडते ते नेमके त्याच वेळी. पट वाढली की दिसणारे क्षेत्र आक्रसते, हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो. ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार लगेच मिळत नाही. दारूच्या धुराआड जनावर दिसेनासे होते आणि नेम चुकला असेल, तर ते जखमी अवस्थेत रानात तडफडत राहते. म्हणून आपली नळी किती अंतरापर्यंत खात्रीने मारते, हे आधी मोजावे आणि तेवढ्यापुरतीच पट घ्यावी. शे-दीडशे यार्डांसाठी दोन ते चार पट पुरेशी ठरते.

ब्रिटिश लष्कराने ही रायफल स्वीकारली नाही. छिद्र लहान, नळीत काजळी लवकर धरते आणि किंमत एनफिल्डच्या सुमारे चौपट, अशी कारणे पुढे आली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने मात्र मोजक्या रायफली मागवून निवडक नेमबाजांच्या हाती दिल्या. त्यांपैकी काहींवर डेव्हिडसन यांची दुर्बीण होती. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचे जनरल जॉन सेजविक तोफांची मांडणी पाहत होते. एवढ्या अंतरावरून शत्रूचा नेम लागणे शक्य नाही, असा धीर ते सैनिकांना देत होते. काही क्षणांतच डाव्या डोळ्याखाली गोळी लागून ते कोसळले. ती व्हिटवर्थचीच होती, असे मानले जाते. शिकारीच्या जनावराला यातनांतून वाचवणारी अचूकता माणसाच्या वाट्याला अशी आली. मापाला दया नसते, ती वापरणाऱ्याने आणायची असते.

व्हिटवर्थ हट्टी होते. तोफांच्या बाबतीत विल्यम आर्मस्ट्राँग यांच्याशी त्यांची दीर्घ स्पर्धा चालली आणि सरकारशी खटके उडत राहिले. तरी कमावलेला पैसा त्यांनी मुक्तपणे वाटला. १८६८ मध्ये तरुण अभियंत्यांसाठी दरसाल प्रत्येकी १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या त्यांनी सुरू केल्या. १८६९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. त्यांच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये उद्यान आणि कलादालन उभे राहिले.

ठासणीच्या बंदुका आता संग्रहालयांत आणि हौशी मंडळींच्या हाती उरल्या आहेत. त्यांच्यावर किती पटीची दुर्बीण लावावी, याचे एकच एक उत्तर व्हिटवर्थ यांनीही दिले नसते. त्यांनी आधी ती बंदूक बैठकीत घट्ट बसवली असती, दहा बार काढले असते आणि लक्ष्यावरील छिद्रांमधले अंतर मोजले असते.