घरोट, फ्लॉपी आणि बहिणाबाई

मैत्रिणींनो, आमचं नशिराबाद जळगाव-भुसावळ रस्त्यावरचं. आणि बहिणाबाई चौधरींचं माहेर आसोदा आमच्यापासून इतकं जवळ, की आसोद्याची भरताची वांगी आमच्या बाजारात आली तर त्याचं कोणाला कौतुकही वाटत नाही. बहिणाबाईंचंही आमच्याकडे तसंच झालं होतं. लहानपणी त्या मला कवयित्री वाटल्याच नाहीत. शेजारच्या गावातली, कोणाच्या तरी नात्यातली, नऊवारी नेसलेली म्हातारी वाटायच्या. पुस्तकात त्यांचा धडा आला तेव्हा मला वाटलं, अरे, ही तर आपल्या मोठ्या मायसारखी बोलते, मग हिला पुस्तकात कशाला घातलं? (आमच्या घरी आजीला मोठी माय म्हणायचे.)

त्याचं उत्तर मिळायला २००४ साल उजाडावं लागलं. तेव्हा मी जळगावला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय मराठी. वडिलांचं म्हणणं होतं की मराठीनं पोट भरत नाही, तेव्हा जोडीला कॉम्प्युटर शिक. मग सकाळी काळी-पिवळीनं अजिंठा चौफुली, तिथून कॉलेज, दुपारी क्लास, आणि दिवेलागणीच्या आत घरी. सकाळी लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी. दुपारी फोल्डर उघडा, फोल्डर बंद करा. डोक्यात दोन्हींची खिचडी व्हायची. महानुभावांची लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि मग शिष्यांनी ती आठवून आठवून पुन्हा लिहिली, हे सरांनी सकाळी सांगितलं, आणि दुपारी क्लासमधल्या मॅडम सांगत होत्या की कुठल्याही फाइलची एक कॉपी नेहमी दुसरीकडे ठेवावी. मला हसूच आलं. पण कॉपी काही मी ठेवली नाही. ते पुढे सांगते.

कॉलेजात प्रकल्प करायचा होता. मी बहिणाबाईंची भाषा हा विषय घेतला, कारण वाटलं सोपा आहे, घरचीच बोली. आणि शहाणपणा म्हणून तो कॉम्प्युटरवर टाइप करायचं ठरवलं.

आता बहिणाबाईंची हकिगत. जन्म १८८० सालचा, नागपंचमीचा, आसोद्याच्या महाजनांच्या घरी. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी आणि ही. शेतकऱ्याचं घर, खाऊनपिऊन बरं. शाळेचा प्रश्नच नव्हता, त्या काळी आसोद्यात मुलीला शाळेत घालणार कोण? बहिणाबाईंना अक्षर कधीच आलं नाही, शेवटपर्यंत. पण कानानं शिकायचं म्हटलं तर गावात काय कमी होतं? कीर्तन होतं, भजन होतं, पोथी होती, आखाजीला झोक्यावरची गाणी होती, पहाटे प्रत्येक घरातून ओव्या ऐकू यायच्या. आपण ज्याला आज अभ्यासक्रम म्हणतो तो सगळा त्यांच्या कानावरून गेला. राम, सीता, सावित्री, विठोबा ही सगळी मंडळी त्यांच्या ओळखीची झाली ती अशी.

तेराव्या वर्षी लग्न झालं. जळगावचे नथूजी खंडेराव चौधरी. आसोदा ते जळगाव अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर, आज रिक्षानं पंधरा मिनिटांत होतं. पण तेरा वर्षांच्या मुलीला ते केवढं वाटलं असेल, हे त्यांच्या माहेरच्या गाण्यांवरून कळतं. त्या वाटेवरचे दगडधोंडेसुद्धा त्यांना ओळखीचे वाटत. योगी आणि सासुरवाशीण यांच्यातल्या बोलण्याची त्यांची एक कविता आहे. आमच्या वर्गात सर ती शिकवत होते तेव्हा, लग्न ठरलेल्या दोन मुली शेवटाला एकदम गप्प झाल्या होत्या. त्यातली एक आता आजी झालीय.

सासर मोठं, चौधरी वाडा. शेतीचं, घरचं, गुराढोरांचं काम. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी आणि रोजचं दळण. जात्याला आमच्या बोलीत घरोट म्हणतात, त्यांच्या कवितेतही तो शब्द येतो. कामाची आणि गाण्याची वेळ एकच होती. हात कामात आणि तोंडात गाणं. मोट चालताना मोटेवर, सुगरणीचा खोपा दिसला तर खोप्यावर, चुलीत ओलं लाकूड पेटेना तर त्याच्यावर. मन सारखं इकडेतिकडे पळतं हे सांगायला त्यांना पिकात शिरणारं गुरू आठवलं. वावरात उभी राहिलेली बाईच हे म्हणू शकते, हे मला तेव्हा कळलं. पुस्तकं वाचून मन या विषयावर लिहिणारे पुष्कळ होते, पण एकालाही ते गुरू दिसलं नव्हतं.

तीन मुलं झाली, ओंकार, सोपानदेव आणि काशी. ओंकारला प्लेग झाला आणि त्यातून तो वाचला तो कायमचा अपंग होऊन. आणि वयाच्या तिशीतच नथूजी गेले. मैत्रिणींनो, त्या काळातलं वैधव्य म्हणजे काय हे आपल्या आज्या-पणज्यांकडून ऐकलेलं आहे, मी वेगळं सांगत नाही. त्यावर बहिणाबाईंनी जे गाणं रचलं त्यात त्या रडत बसलेल्या नाहीत. दारात आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवतात. माझं नशीब मला माहीत आहे, तू आता काय सांगणार, असा त्यातला सूर. कुंकू गेलं तरी अंगावरचं गोंदण गेलेलं नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. मला विचाराल तर त्यांची ही कविता संसारावरच्या त्या प्रसिद्ध कवितेहून मोठी आहे. पण ती लग्नाच्या पत्रिकेवर छापता येत नाही, म्हणून लोकांना कमी माहीत.

मुलगा सोपानदेव शाळेत जाऊ लागला आणि घरात पाटी-पुस्तक आलं. असं सांगतात की त्यानं एकदा आपल्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट आईला वाचून दाखवली, तर सकाळी आईचं त्या गोष्टीवरचं गाणं तयार! तेव्हापासून सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तेव्हा आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागले. जमेल तेव्हा, हे महत्त्वाचं. कारण आई काही त्यांच्यासाठी थांबून गात नव्हती. वही जवळ असली तर गाणं राहिलं, नसली तर पिठाबरोबर गेलं. सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. पण त्यांची आई कवी आहे हे बाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

आणि एक गंमत सांगते. बहिणाबाईंनी जळगावात छापखाना पाहिला आणि त्यावरही गाणं केलं. तो त्यांच्या काळातला कॉम्प्युटरच म्हणा. अक्षर न येणारी बाई यंत्रातून कागद काळा होऊन बाहेर पडताना बघते, आणि तिला वाटतं की कागद तर बघता बघता शिकला, माणसाचं काय? मी क्लासमध्ये प्रिंटर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फक्त कागद अडकेल याची भीती वाटली होती.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई जळगावात गेल्या. आपलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. नंतर सोपानदेवांनी ती वही भीतभीतच आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना ते सोनं वाटलं. त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये बहिणाबाईंची गाणी हे पुस्तक निघालं. पातळसंच पुस्तक. पुढे १९६१ च्या मानिनी चित्रपटातून त्यांची गाणी रेडिओवर आली आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्या बायकांपर्यंतही पोचली. म्हणजे गाणं तोंडातून वहीत, वहीतून छापखान्यात आणि तिथून फिरून पुन्हा बायकांच्या तोंडात आलं.

आता माझ्या प्रकल्पाकडे येते. तेव्हा क्लासमधल्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचं म्हणजे एक वेगळा फॉन्ट टाकलेला असायचा. आपण घ बघायचो, पण मशीनच्या पोटात इंग्रजीचंच काहीतरी चिन्ह साठलेलं असायचं. त्यामुळे प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल रेघ. मशीनच्या दृष्टीनं ज्ञानेश्वरीही चुकीचं इंग्रजीच. मी चाळीस पानं बडवली, मध्ये भारनियमन, दोनदा सेव्ह करायच्या आत लाईट गेली. शेवटी क्लासमधल्या एका दादाला दया आली आणि त्यानं फाइल तपासून दिली. त्याला दिसलं की मी सगळीकडे मानूस लिहिलंय. त्यानं शोधा आणि बदला असं एक बटण दाबलं आणि एका क्षणात सगळे मानूस माणूस झाले. पानी पाणी झालं. त्याचा हेतू चांगला होता. मी पण धन्यवाद म्हटलं आणि प्रिंट काढली.

मार्गदर्शक बाईंनी ती वाचली आणि विचारलं, बहिणाबाई कुठे गेल्या?

मला रडूच कोसळलं. कारण तो न आमचाच होता. शाळेत त्या न साठी आम्ही छड्या खाल्ल्या होत्या, शुद्ध बोला म्हणून. आमच्या लेवा गणबोलीत ण ला जागा नाही. आणि इथे एक बाई त्याच न मध्ये बोलून मराठीतल्या मोठ्या कवींच्या रांगेत बसली होती आणि मी तिला शुद्ध करून घरी आणली होती. मग सगळ्या प्रकल्पातला एकेक शब्द पुस्तकाशी ताडून हातानं परत बदलला. बारा दिवस लागले. तेव्हा खरी बहिणाबाई वाचली, नाहीतर परीक्षेपुरतीच वाचली असती.

त्याच नादात मी मोठ्या मायच्या मागे लागले. तिला दळणाची, आखाजीची बरीच गाणी येत. तिला आधी पटेना, ही काय लिहायची गोष्ट आहे का, म्हणाली. मग सांगत गेली. चोवीस गाणी मी वहीत घेतली, क्लासमध्ये टाइप केली, फ्लॉपीत ठेवली आणि वही कोणालातरी वाचायला दिली. वही परत आली नाही. फ्लॉपी मात्र कपाटात जपून होती, माझ्या लग्नाच्या पेटीतून सासरीही गेली. मोठी माय २००७ मध्ये गेली. तेराव्यानंतर मी ती फ्लॉपी एका ओळखीच्या ऑफिसात नेऊन घातली. उघडली. पण त्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, नुसती चिन्हं आणि आकडे दिसले. फॉन्ट शोधून दुसऱ्या दिवशी परत घातली तर फ्लॉपी वाचलीच गेली नाही. चोवीस गाणी. बहिणाबाईंची वहीबाहेर राहिलेली गाणी किती असतील याचा हिशोब मी त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता.

आता युनिकोड आलंय. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर असतो, फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. क चा नंबर २३२५. ण चा २३३९ आणि न चा २३४४. पाचाचा फरक. माझा मुलगा म्हणतो, आई, हे नंबर कोण पाठ करतं? मी केलेत.

२०१८ मध्ये आमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव लागलं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून शेंगा सोलत होते. विद्यापीठाच्या कमानीखालून मुली लॅपटॉपच्या बॅगा घेऊन जातात तेव्हा बरं वाटतं, पण त्यातल्या किती जणींना घरोट म्हणजे काय ते माहीत असेल, हेही मनात येतंच. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे, त्यांच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवल्यात. एकदा जाऊन या. मी मुलाला घेऊन गेले होते.

सध्या मी आईकडून मोठ्या मायची गाणी पुन्हा गोळा करतेय, मोबाईलवर. मोबाईल मानूस लिहिलं की अजून माणूस सुचवतो, मी तो खोडून परत मानूस लिहिते. पाच गाणी पूर्ण झाली. सहाव्याची आईला चाल आठवते, शब्द नाहीत. चाल टाइप करता येत नाही. तिचं गुणगुणणं रेकॉर्ड करून ठेवलंय, दोन ठिकाणी.